न मागितलेलं पत्र

७ जानेवारी

निवृत्त होऊन आज महिना झाला. महिनाभर काहीही केलं नाही आणि ते मला चांगलं जमतं आहे अशा समजुतीत होतो, तोच सकाळी दादा खालच्या कारखान्यातून जिना चढून वर माझ्या खोलीत आला. गुडघे दुखतात त्याचे, त्यामुळे दादा जिना चढला की समजावं, काम आहे.

हातात निविदेची जाहिरात. सरकारी रुग्णालयासाठी तीनशे लोखंडी खाटा, दांडा फिरवला की डोक्याकडची बाजू उचलणाऱ्या. दादाच्या कारखान्यात गेली सत्तावीस वर्षं याच बनतात. आणि जाहिरात माझ्याच खात्याची. मी तिथे खरेदी अधिकारी असेपर्यंत दादाला तिथल्या एकाही निविदेच्या वाटेला जाता आलं नाही, कारण अधिकाऱ्याच्या नातेवाइकाने निविदा भरायची नाही असा नियम आहे. तो मी सोळा वर्षं काटेकोर पाळला. दादाने कधी तक्रार केली नाही. त्याला नियमाचं महत्त्व पटलं असावं.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. खाजगी दवाखाने आता पत्र्याच्या हलक्या खाटा घेतात, ज्या दोन वर्षांत कुरकुरतात आणि तिसऱ्या वर्षी बसतात. कारखान्यात नऊ माणसं आहेत आणि चार महिने हाताला काम नाही. शेडचा भाडेकरार मार्चअखेर संपतो. हे काम मिळालं तर करार वाढवायचा, नाही तर कुलूप लावायचं.

"कागद तू बघशील का?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. तीस वर्षं त्या खात्यात काढली मी, त्या कागदांचं काय घेऊन बसलात.

११ जानेवारी

निविदेची बहात्तर पानं वर आणून वाचली. वाचता वाचता दोनदा हसलो.

माझ्या खुर्चीत आता होयबा बसतो. त्याला हे नाव मीच ठेवलं. अकरा वर्षं माझा सहायक होता. मी ऊन आहे म्हटलं तर होय साहेब. पाऊस आहे म्हटलं तरी होय साहेब, आणि छत्री आणायला पळायचा. अशा माणसाच्या हाती खातं दिल्यावर काय होणार? नववं कलम म्हणतं, पुरवठा साठ दिवसांत. पुढे परिशिष्टातल्या तक्त्यात लिहिलंय पंचेचाळीस. एकाच कागदात दोन मुदती. माझ्या काळात असं पान टंकलेखकाच्या तोंडावर परत गेलं असतं.

सर्वसाधारण अटींची तीस कलमं मात्र जशीच्या तशी आहेत. ती मीच लिहिलेली. ती वाचण्यात वेळ घालवला नाही. स्वतःचं पोर ओळखायला जन्मदाखला लागत नाही.

दुपारी खाली जाऊन दोन मुदतींची गंमत सांगितली. दादा हसला नाही. वहिनी हिशेबाच्या टेबलाशी होत्या. कारखान्याची पत्रं, मेल, फोन सगळं त्या बघतात, म्हणजे त्यांना तसं वाटतं.

"मग पंचेचाळीस की साठ?" त्यांनी विचारलं.

"साठच असणार."

"असणार म्हणजे? विचारून घ्या ना, भाऊजी. रंगाची भट्टी एकच आहे. पंचेचाळीस दिवसांत तीनशे खाटा व्हायच्या नाहीत आपल्याकडून."

वहिनींना मी समजावलं की नववं कलम मुख्य मजकुरात आहे, परिशिष्ट मागून येतं, आणि अक्कल असलेला माणूस मुख्य मजकूर धरतो. त्या बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

१५ जानेवारी

होयबाचा फोन. निवृत्तीनंतर पहिलाच.

"साहेब, उद्या निविदापूर्व बैठक आहे. दादासाहेबांनी कागद घेतलेत असं नोंदीत दिसलं. तुम्ही या ना. काही शंका असली तर उद्याच मांडावी लागते. लेखी आली तर आम्हालाही शुद्धिपत्रक काढता येतं. आमचं आम्हीच काढलं तर वरचे विचारतात, चूक केलीच कशी."

मी म्हणालो, "मला कसली शंका?"

"तसं नाही साहेब. कुणीतरी विचारलं म्हणजे बरं पडतं."

म्हणजे चूक याला कळली आहे, पण स्वतः दुरुस्त करण्याची धमक नाही. आणि ती दाखवायला मी जायचं. ती बैठक कशी असते ते मला ठाऊक आहे. टेबलापलीकडे अधिकारी, अलीकडे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर विक्रेते, मांडीवर पिशव्या घेऊन. तीस वर्षं मी टेबलाच्या पलीकडे बसलो. उद्या मी अलीकडे बसून होयबाला "साहेब, एक शंका होती" म्हणायचं? जाणार नाही.

वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला अवघड वाटत असेल तर मी जाते. एवढंच तर विचारायचंय."

मला अवघड वाटत नाही, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. आणि हेही सांगितलं की तिथे निविदेच्या भाषेत बोलावं लागतं, भाजीवाल्याशी बोलतात तसं नाही. आपलं हसं होईल. त्या गेल्या नाहीत.

२३ जानेवारी

कागदांची तयारी. बावीस कागद मागितलेत. ताळेबंद, कराचे दाखले, लोखंडाच्या नळीचा तपासणी अहवाल, काळ्या यादीत नसल्याचं प्रतिज्ञापत्र. वहिनींनी वहीच्या पानावर बावीस आकडे लिहून भिंतीला लावलेत आणि कागद आला की पुढे बरोबरची खूण करतात. शाळेतल्या पोरीसारखं.

नमुन्याची खाट तयार झाली. मिस्त्री हा इथला सगळ्यात जुना वेल्डर. त्याने माझ्यासमोर दांडा एका बोटाने फिरवून दाखवला. आवाज नाही, झटका नाही. मग म्हणाला, "साहेब, खाट तर अशी आहे. काम मिळेल ना?"

मी त्याला सांगितलं की सरकारी खरेदीत खाट शेवटी बघतात, आधी कागद बघतात. त्याला ते विचित्र वाटलं. या माणसांना वर्षानुवर्षं हातांनी काम करून हातांपलीकडचं काही दिसत नाही. ते मनावर घेण्यासारखं नाही. मी आहे ना.

२८ जानेवारी

आज फार दिवसांनी लिहिण्याचा आनंद मिळाला. निविदेसोबत जोडायला पत्र तयार केलं. दोन पानं, सहीसकट. दोन मुदतींमधली विसंगती पहिल्याच परिच्छेदात दाखवली. पुढे दोन ठिकाणचे तपशिलाचे घोळ. शेवटी लिहिलं: "उपरोक्त विसंगती पाहता पुरवठ्याचा कालावधी साठ दिवस हाच अभिप्रेत आहे असे आम्ही गृहीत धरत आहोत. निविदा प्रसिद्ध करण्यापूर्वी ती एकवार वाचण्याची प्रथा खात्याने पुन्हा सुरू करावी, ही विनंती." होयबाला ते भर कचेरीत वाचावं लागेल, छाननी समितीसमोर. कान लाल होतील.

सगळे कागद स्कॅन करून पोर्टलवर चढवायला वहिनी बसल्या. बाविसावा कागद झाल्यावर त्यांनी माझं पत्र उचललं, वाचलं आणि भिंतीकडे बघितलं.

"हे यादीत नाहीये, भाऊजी."

"माहीत आहे."

"त्यांनी मागितलं नाही ते कशाला द्यायचं? आपण आपलं गृहीत धरतोय असं लिहिलंय यात. उद्या त्यांनी म्हटलं, तुम्ही कोण धरणारे?"

मी त्यांना शांतपणे विचारलं की त्यांनी आजवर किती निविदा तपासल्या. त्या म्हणाल्या, एकही नाही. मी म्हणालो, मी साडेचार हजार तपासल्या. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. दादा दारात उभा होता. तो म्हणाला, "राहू दे गं. त्याचं त्याला कळतं." वहिनींनी पत्र तेविसावा कागद म्हणून चढवलं. यादीत त्याच्यासाठी आकडा नव्हता, म्हणून खूण केली नाही.

३१ जानेवारी

पुन्हा होयबा.

"साहेब, मुदत उद्या पाचपर्यंत आहे. भरलेली निविदा तोवर मागे घेऊन परत भरता येते."

"तुला काय म्हणायचंय?"

"आम्हाला उघडेपर्यंत काही दिसत नाही साहेब. पण तुमचा स्वभाव मला माहीत आहे. जेवढं मागितलंय तेवढंच जोडलंय ना? बाकी काही म्हणायचं नाही मला. मी फोन केला होता हे कुठे बोलू नका."

घाबरला आहे. माझ्या हातचा कागद समितीपुढे जाणार या कल्पनेनेच त्याला घाम फुटला. मी फोन ठेवून दिला. खाली वहिनींनी विचारलं, कुणाचा होता. मी सांगितलं, एका जुन्या शिपायाचा.

१३ फेब्रुवारी

बाद.

सकाळी मेल आली. वहिनींनी तिचा कागद काढून घडी घालून वर आणला. सोबत चहा. "आधी चहा घ्या," म्हणाल्या. मी आधी कागद वाचला.

"निविदाकाराने जोडलेल्या पत्रान्वये पुरवठा कालावधीबाबत स्वतःचे गृहीतक नोंदविले असल्याने निविदा सशर्त ठरते. कलम १७ अन्वये तांत्रिक छाननीत अपात्र. दराचा लिफाफा न उघडता परत."

बहात्तर पानं शोधून काढली आणि सतरावं कलम वाचलं. "निविदेसोबतच्या कोणत्याही कागदात, तो मागितलेला असो वा नसो, निविदाकाराने अटींचा स्वतःचा अर्थ नोंदविल्यास ती निविदा सशर्त समजून अपात्र ठरविण्यात येईल. याबाबत खुलासा मागविण्याचे बंधन खात्यावर राहणार नाही." हे मी लिहिलं त्याला बारा वर्षं झाली. भाषा नेटकी आहे, कुठे पळवाट नाही. पण ते लबाड विक्रेत्यांसाठी होतं. जे चोरवाटेने अट घुसवतात त्यांच्यासाठी. खात्याची चूक दाखवून देणाऱ्यासाठी नव्हतं. होयबाने दावा साधला, दुसरं काही नाही. अकरा वर्षं होय साहेब म्हटल्याचा सूड.

वहिनी चहाचा कप न्यायला आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "तुमच्या दादांना मी सांगितलंय. तुम्ही लगेच खाली येऊ नका." कागदावरच्या कलमाबद्दल अवाक्षर नाही. सरकारी मराठी त्यांच्या डोक्यावरून गेली असणार.

१७ फेब्रुवारी

निवेदन लिहिलं. नऊ पानं. सतरावं कलम सरसकट लावणं कसं अन्यायाचं आहे, मुळात चूक खात्याची असताना तिचं माप निविदाकाराच्या पदरात कसं घालता, हेतू बघायला नको का, वगैरे. दादाने न वाचता सही केली. मी म्हणालो, वाच तरी. तो म्हणाला, "तू लिहिलंयस ना."

कारखान्यात हल्ली मी गेलो की माणसं एकदम गप्प होतात आणि जागा करून देतात. मिस्त्री स्वतःचं स्टूल पुसून देतो. पूर्वी एवढा मान नव्हता. लढणाऱ्या माणसाची किंमत कळते शेवटी.

२४ फेब्रुवारी

निवेदन फेटाळलं. माझ्या नऊ पानांना उत्तर अर्ध्या पानाचं, आणि त्या अर्ध्या पानातला अर्धा मजकूर माझाच.

"अशाच प्रकरणी तत्कालीन खरेदी अधिकाऱ्यांनी पूर्वी दिलेला निर्णय पुढीलप्रमाणे: 'भलेपणाने घातलेली अटही अटच असते. हेतू तपासणे हे खात्याचे काम नाही. निविदा फेटाळावी.' सदर निर्णय आजही लागू आहे."

सहा वर्षांपूर्वीची गाद्यांची निविदा. एका गादीवाल्याने दरपत्रकाखाली हाताने लिहिलं होतं की गाद्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर नीट रचून देऊ. निविदेत नुसतं "रुग्णालयात पोचवणे" असं होतं. दर सगळ्यात कमी त्याचाच होता. मी त्याला बाद केलं आणि ही तीन वाक्यं लिहिली. लिहून झाल्यावर होयबाला वाचून दाखवली होती, तेही आठवतं. होय साहेब, म्हणाला. तो गादीवाला दोन दिवस माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून होता. बायकोलाही घेऊन आला होता. मी भेटलो नाही. तिसऱ्या दिवशी शिपायाला बाहेर पाठवून सांगितलं, बाक रिकामा करा. त्याचं पुढे काय झालं हे विचारायचं मला आजपर्यंत सुचलं नव्हतं.

दादाला उत्तर दाखवलं. त्याने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, "तत्कालीन म्हणजे?"

"आधीचा अधिकारी," मी म्हणालो.

त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मी दुपारी खाली माणसांच्या पंगतीत जेवायला गेलो नाही.

३ मार्च

दादाने शेड सोडत असल्याचं मालकाला कळवलं. कटिंगचं यंत्र विकायला काढलंय.

आज वेगळाच प्रकार कानावर आला. माल उतरवायच्या दाराशी दोघे जण बोलत होते. "दर जास्त लागला, काय करणार," एक म्हणाला. मला बघून दुसराही घाईने म्हणाला, "हो ना, दर जास्त लागला." मी विचारलं, हे कोणी सांगितलं? म्हणाले, वहिनींनी.

कपाळाला हात लावला. सरकारी निविदेत दोन लिफाफे असतात. पहिल्यात कागद, दुसऱ्यात दर. पहिल्यात बाद झालेल्याचा दुसरा कुणी उघडतच नाही. आपला दर कुणी बघितलेलाही नाही. हे त्या मेलमध्ये स्वच्छ लिहिलं आहे, आणि वहिनी तो कागद स्वतः छापून आणतात, तरी माणसांना सांगतात की दर जास्त लागला. म्हणजे लोक म्हणणार, दादाने लोभ केला. सत्तावीस वर्षं रास्त भावात माल दिलेल्या माणसावर ठपका, तो कशामुळे, तर बायकोला दोन लिफाफ्यांतला फरक कळला नाही म्हणून. हे दुरुस्त केलं पाहिजे.

६ मार्च

दुरुस्त केलं.

सकाळी साडेदहाला सगळे शेडमध्ये होते. उरलेल्या नळ्या बांधून ठेवायचं काम चाललं होतं. दादा कोपऱ्यात, पाठमोरा, कानस चालवत होता. वहिनी वजनाच्या चिठ्ठ्या लिहीत होत्या. मी मध्ये जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, एक गोष्ट सगळ्यांनी नीट समजून घ्या, दर जास्त लागला हे साफ खोटं आहे. दराचा लिफाफा उघडलाच गेला नाही.

दोघांनी हातातली नळी खाली ठेवली.

"भाऊजी, वर चला, जेवायला वाढते," वहिनी म्हणाल्या.

साडेदहाला जेवण, आणि तेही वर? मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. छाननी म्हणजे काय, सशर्त म्हणजे काय, दादाच्या दराचा यात काडीचाही संबंध कसा नाही, सगळं पायरीपायरीने सांगितलं. मी समजावून सांगतो तेव्हा चांगलं सांगतो. बाद होण्याचं कारण एक जोडपत्र होतं, तिथपर्यंत आलो. पुढचं वाक्य आपोआप आलं. विषयाच्या ओघात ते यायलाच हवं होतं, नाही तर स्पष्टीकरण अर्धवट राहिलं असतं.

"ते पत्र मी जोडलं होतं," मी म्हणालो.

नऊ जणांपैकी एकानेही मान वर केली नाही. मला वाटलं, समजलं नाही. म्हणून परत सांगितलं, जरा मोठ्याने. पत्र कुणी मागितलं नव्हतं. वहिनी नको म्हणत होत्या. मी जोडलं.

कानशीचा आवाज थांबला होता. मिस्त्रीने हातमोजे काढले आणि माझ्याजवळ आला.

"साहेब, माहीत आहे आम्हाला. कागद आला त्याच दिवशी वहिनींनी सगळा वाचून दाखवला. कलम काय, पत्र काय, दोन पाकिटं काय, सगळं समजावलं. आणि म्हणाल्या, भाऊजींसमोर दर जास्त लागला असंच म्हणायचं."

"का?"

मिस्त्रीने वहिनींकडे बघितलं. त्या चिठ्ठ्या लिहीत राहिल्या.

"म्हणाल्या, कागदातलं कळतं, तेवढंच आहे त्यांच्याकडे."

दादाकडे बघितलं. त्याने वळून माझ्याकडे बघितलं, मग "ऊन वाढायच्या आत नळ्या बांधून घ्या रे," असं माणसांना म्हणाला आणि परत पाठ केली. मी ज्या स्टुलाला धरून उभा होतो ते मिस्त्रीने पुढे सरकवलं आणि रोजच्यासारखं हाताने पुसलं.

मी बसलो नाही. वर आलो. तीन आठवडे त्या नऊ माणसांनी मला सांभाळून घेतलं, त्यांची रोजी माझ्या दोन पानांनी गेली असताना, आणि मी त्याला मान समजत होतो. लाज वाटते आहे. दुसरा कुठला शब्द शोधायला नको.

एकची शिट्टी झाली. खालून वहिनींनी हाक मारली, "भाऊजी, पान वाढलंय." माझं पान त्या लोकांच्याच पंगतीत असतं, शेडच्या दाराशी. तिथे जाऊन बसायचं आहे.